ओवाळणीतली पुडी

दिवाळी अंकात आजारपणाची गोष्ट लिहू नये, असा एक संकेत आहे. पुढ्यात फराळाचे ताट असावे, पोरे अंगणात फुलबाज्या लावीत असावीत आणि आपण आरामखुर्चीत पडून काहीतरी हलकेफुलके वाचावे, ही वाचकांची अपेक्षा असते. आणि ती रास्तही आहे. पण आजकाल ज्या घरात फराळाचे ताट येते, त्या घरात ते पाहून हात मागे घेणारे निदान एक माणूस असतेच. ‘मला चिवडाच द्या, लाडू नको,’ म्हणणारे. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटी माणसे त्या दुखण्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत, असे त्यातून दिसले. तेव्हा ही गोष्ट माझ्या घरची असली, तरी थोडीबहुत तुमच्याही घरची आहे. शिवाय ती माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट आहे. आणि दुसऱ्याची चूक वाचायला दिवाळीतही कुणाची हरकत नसते!

माझी आत्या लिंबागणेशला असते. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. गावात भालचंद्र गणपतीचे जुने देऊळ आहे आणि गावाच्या नावातही गणेश आहेच. सारा मुलूख बालाघाटाच्या रांगेतला. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, आणि ऊन मात्र उदंड. दिवाळीच्या आगेमागे तिकडच्या गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे पश्चिमेच्या कारखान्यांकडे निघतात आणि कितीतरी घरांत म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच मागे राहतात. आत्याच्या घरी मात्र दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, थोडीफार शेती सांभाळून राहिला आहे. वडील गेल्यापासून भाऊबीजेला त्यांच्या वतीने मी पुण्याहून जातो. आत्या मला ओवाळते, ओवाळताना वडिलांची आठवण काढून डोळे पुसते आणि मग मी तबकात ओवाळणी घालतो. हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ.

आत्याचे वय बहात्तर. मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली. गोळ्या नियमित, पथ्यही बऱ्यापैकी. पण अलीकडे गुडघे धरले होते आणि पावलांना मुंग्या येत होत्या. त्यामुळे शेताकडे जाणे बंद होऊन तिचा सारा दिवस माजघरात जाऊ लागला होता.

आता माझे ऐका. मी बँकेत नोकरीला. सकाळी ऊन चढायच्या आत घराबाहेर पडायचे, दिवसभर दिव्याखाली बसायचे आणि संध्याकाळी अंधारात परतायचे. काही वर्षांपूर्वी पाठ आणि मांड्या सतत दुखू लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. त्यांनी साठ हजार युनिटांची एक पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे घ्यायला सांगितली. ती घेतली आणि दोन-तीन महिन्यांत दुखणे पळाले. मग काय विचारता! ज्याला एखादे औषध लागू पडते, तो त्या औषधाचा बिनपगारी प्रचारक होतो. कचेरीत कुणी ‘थकवा वाटतो’ म्हणायचा अवकाश, की मी ‘ड’ जीवनसत्त्वाचे पुराण लावीत असे. त्यातच, मधुमेह्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व पुष्कळदा कमी आढळते, असे माझ्या वाचनात आले. मी हिशेब मांडला: ज्यांना मधुमेह त्यांच्यात ‘ड’ कमी; म्हणजे ‘ड’ भरून काढले की मधुमेह उतरलाच पाहिजे. बँकेत असला हिशेब कुणी केला असता, तर मीच त्याची वही परत केली असती.

२०२४ च्या भाऊबीजेला मी तबकात साडी ठेवली आणि साडीवर पुड्यांचे खोके ठेवले.

“हे काय रं बापू?” आत्याने विचारले.

“उन्हाची पुडी आहे, आत्या. अंगाला ऊन लागलं की जे तयार होतं, तेच यात आहे. गुडघे मोकळे होतील, साखरही उतरेल.”

“उन्हाची पुडी?” आत्या हसली. “आन् हितं ऊन काय कमी पडलंय व्हय लेकरा?”

सगळे हसले. मीही हसलो. त्या एका वाक्यात किती शहाणपण होते, ते मला पुढे कळायचे होते.

दुसऱ्या दिवशी एसटीची वेळ झाली. पिशव्या, निरोप, शेवग्याच्या शेंगांचे गाठोडे, या गडबडीत उंबऱ्यावरूनच मी आत्याला ओरडून सांगितले, “पुडी आठवड्याला एक हं!” तिने मान डोलावली. कागदावर लिहून दिले नाही. वहिनी तेव्हा गोठ्यात होत्या, त्यांना सांगितले नाही. खोक्यावर जे छापले होते, ते इंग्रजीत.

भोगीच्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, आत्याबाईंची साखर लई वाढल्यासारखी वाटती. घागरभर पानी पित्यात, रात्री धा-धा येळा उठत्यात. अन्न बगितलं की उमासे येतात. आन् कालपासून काहीबाही बोलायल्यात. तुमच्या वडिलांना हाक मारत व्हत्या.”

तहान आणि वारंवार लघवी ही दोन लक्षणे मधुमेह्याच्या घरात कुणालाही ओळखीची. साखर वाढली असे समजून दादाने दोन दिवस तिची गोळी आपल्याच मनाने दुप्पट केली होती. मी त्याला आधी ते थांबवून तिला बीडला न्यायला सांगितले आणि मिळेल ती गाडी पकडून निघालो. नगर, जामखेड, पाटोदा अशी गावे मागे पडत होती, आणि माझ्या मनात मात्र पुड्यांचा विचार एकदाही आला नाही. साखरेचाच विचार चालू होता.

बीडच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, “साखर आहे एकशे नव्वद. बरी नाही, पण एवढ्या साखरेनं माणूस असं बरळत नाही. घरात औषधाचा डबा असेल तो आणा. सगळा. रिकाम्या पाकिटांसकट.”

दादा तसाच परत गेला आणि आत्याचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत्याने जन्मात कधी कागद फेकला नाही. डब्यात गोळ्यांच्या पाकिटांखाली कापलेल्या पुड्या एकात एक घालून नीट ठेवल्या होत्या. बाईंनी त्या टेबलावर मोजल्या. अडुसष्ट.

मी नेल्या होत्या सोळाच. बाकीच्या, रिकामे खोके दाखवून, औषधाच्या दुकानातून वेळोवेळी मागवल्या होत्या. चिठ्ठी कुणी मागितली नव्हती. आणि गुडघ्यांसाठी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या त्या वेगळ्याच.

आत्या रोज पुडी का घेत होती, ते नंतर तिनेच सांगितले. “सगळी औषधं रोजच घ्यायची असत्यात की. आन् खरं सांगू बापू? ती पुडी ग्वाड लागायची. दुधात टाकली की पेढ्यावानी. चौदा वर्सं झाली रं, ग्वाड म्हनून तोंडात काही न्हाई.” यावर मला काय बोलावे ते सुचले नाही. आजही सुचत नाही.

रक्तातले कॅल्शियम तेरापूर्णांक आठ निघाले. ते साडेदहाच्या आसपास थांबायला हवे. मूत्रपिंडेही कुरकुरू लागली होती. बाईंनी मला समोर बसवून सारे समजावले. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगतो.

‘ड’ जीवनसत्त्व हे नावाचेच जीवनसत्त्व. खरे पाहता शरीर ते स्वतः बनवते. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. उन्हातले जंबुपार किरण पडले की त्याचे ‘ड’ बनते. ते रक्तातून यकृतात जाते, तिथे त्याचे एक रूप पालटते. मग मूत्रपिंडात दुसऱ्यांदा पालटते, आणि तेव्हा कुठे ते कामाला लागते. त्याचे मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे. ते कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडे ठिसूळ किंवा मऊ होतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत शास्त्रज्ञांनी मुडदुसावर कॉड माशाच्या यकृताचे तेल का लागू पडते, याचा शोध घेतला. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळे काहीतरी आहे हे दाखवले. अ, ब, क ही अक्षरे आधीच वापरली गेली होती, म्हणून याच्या वाट्याला ‘ड’ आले. पुढे या जातीच्या पदार्थांवरील कामासाठी विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उन्हाची एक मोठी गंमत आहे. माणूस कितीही वेळ उन्हात बसला, तरी ‘ड’ प्रमाणाबाहेर होत नाही. जादा झालेले ऊनच मोडून टाकते. कातडी करपेल, पण ‘ड’ची बाधा व्हायची नाही. पुडीला मात्र ही अक्कल नाही. पोटात गेलेले सगळे शरीरात शिरते, आणि चरबीत विरघळणारे असल्याने तिथे महिनोन्‌महिने साठून राहते. मग कॅल्शियम वाढते. वाढलेले कॅल्शियम मूत्रपिंडाला पाणी धरू देत नाही. म्हणून तहान, म्हणून लघवी. पाठोपाठ मळमळ, बद्धकोष्ठ, ग्लानी, भ्रम. पहिली दोन लक्षणे हुबेहूब मधुमेहासारखी! घरच्यांचे लक्ष साखरेकडे, आणि चोर दुसऱ्याच दाराने आत.

मी पाकीट काढून त्याच्या पाठीवर हिशेब केला. आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांनी २०२० साली ठरवल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट ‘ड’ पुरे; साठीपुढे ८००. म्हणजे एक पुडी आत्याला पंचाहत्तर दिवसांची. अडुसष्ट पुड्या म्हणजे चौदा वर्षांची बेगमी. भाऊबीज ते भोगी एवढ्या काळात ती तिच्या पोटात गेली होती. ज्याच्या खोलवर उणिवेची तपासणीने खात्री झाली आहे, त्याने आठवड्याला एक अशी ठराविक आठवडे घेतलेली पुडी ही ओषधी. तीच रोज घेतली की बाधा.

आत्या नऊ दिवस इस्पितळात होती. सलाइन चालू, पुड्या आणि कॅल्शियम बंद. स्टिरॉइडने कॅल्शियम लवकर उतरते, पण त्याने साखर चढते. म्हणून बाईंनी ते फार जपून वापरले. चौथ्या दिवशी तिने मला ओळखले. “कवा आलास? जेवलास का?” एवढेच विचारले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. रक्तातले ‘ड’ खाली यायला मात्र आषाढ उजाडला.

घरी परतल्यावर मी, जे आधी करायला हवे होते, ते केले. नीट वाचले, डॉक्टरांना विचारले. ते थोडक्यात सांगतो.

मधुमेह्यांत ‘ड’ कमी आढळते, हे खोटे नाही. इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींना या जीवनसत्त्वाची ओळख असते, हेही खरे. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. वजन वाढलेला, घराबाहेर न पडणारा माणूस उन्हालाही मुकतो आणि मधुमेहालाही जवळ करतो. आपल्याकडे तर निरोगी म्हणवणाऱ्यांतही ‘ड’ची वानवा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या पाहणीत उन्हात कवायत करणाऱ्या जवानांचे बरे होते. कमी निघाले ते इस्पितळातल्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचेच!

मग ‘ड’ देऊन मधुमेह टळतो का? अमेरिकेत उंबरठ्यावरच्या २४२३ माणसांवर हे पाहिले. निम्म्यांना रोज ४००० युनिट, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. अडीच वर्षांच्या सुमारास ‘ड’ घेणाऱ्यांत २९३ जणांना मधुमेह झाला, पोकळ गोळीवाल्यांत ३२३ जणांना. फरक आहे, पण योगायोगानेही पडावा इतपतच. हे २०१९ चे. २०२३ साली अशा तीन प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून २०२४ साली अमेरिकेतल्या ग्रंथितज्ज्ञांच्या संस्थेने, मधुमेहाचा मोठा धोका असलेल्या उंबरठ्यावरच्या माणसांनी व्यायाम-आहाराच्या जोडीला ‘ड’ घ्यायला हरकत नाही, असा सल्ला दिला. बाकीच्या पंच्याहत्तरीच्या आतल्या निरोगी प्रौढांना मात्र रोजच्या ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त नको, आणि उगाच सगळ्यांचे रक्त तपासतही बसू नका, असे सांगितले.

आणि ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, ते? अशा १३१२ जणांना पाच वर्षे ‘ड’ देऊन त्यांची मूत्रपिंडे वाचतात का, हे एका प्रयोगात पाहिले. २०१९ साली उत्तर मिळाले: नाही. साखर उतरवणारे औषध म्हणून तर ‘ड’कडे पाहूच नये. त्याचा उपयोग आहे तो हाडांना, आणि मधुमेह्याला तो नक्कीच आहे. कारण मधुमेह्याचे हाड वरून दणकट दिसले तरी मोडायला सोपे असते. त्यात पाय बधिर झालेले, नजर मंदावलेली, साखर उतरली की घेरी. पडायला निमित्त लागत नाही. तेव्हा उणीव असेल तर ती अवश्य भरून काढावी. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

देखरेख कशाला, तेही सांगतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या देतात, त्यांतल्या थायझाइड जातीच्या गोळ्यांनी कॅल्शियम आधीच चढते. त्यावर ‘ड’ची भर घातक. मूत्रपिंडे कमजोर असतील, मुतखडा होऊन गेला असेल, तर हिशेबच वेगळा. एकाच वेळी पुडी, कॅल्शियमच्या गोळीतले ‘ड’ आणि शक्तीच्या गोळीतले ‘ड’, असे तिहेरी चालले असेल तर बेरीज करावी. गुडघ्यासाठी कुणी मोठे इंजेक्शन दिले असेल, तर तेही ‘ड’चेच आहे का, हे विचारावे. पुडी पोकळ पोटी न घेता जेवणाबरोबर घ्यावी, म्हणजे तेला-तुपाबरोबर ती अंगी लागते.

आणखी एक गोष्ट बाईंनी शोधून काढली. आत्याच्या पावलांच्या मुंग्या ‘ड’च्या नव्हत्याच. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतली, की काहींच्या रक्तातले ‘ब-१२’ उतरते. शाकाहारी घरात ते आधीच बेताचे असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मायलेकरांचा १९९३ पासून अभ्यास करीत आले आहेत. तिथेही ‘ब-१२’ची उणीव सर्रास आढळली. आत्याचे तपासले तर तेच कमी. म्हणजे जे कमी होते ते कुणी पाहिले नाही, आणि जे कमी होते की नाही हे ठाऊक नव्हते, ते मी तबकात घालून दिले. आत्याचे ‘ड’ त्या भाऊबीजेला किती होते, हे आता कधीच कळणार नाही.

यंदा गणेशोत्सवात लिंबागणेशला जाऊन आलो. मूत्रपिंडे बरीचशी सावरली आहेत. अगदी पूर्वीसारखी नाहीत. ‘ब-१२’ सुरू झाल्यापासून मुंग्या कमी आहेत. सकाळी अकराच्या पुढे, आपली सावली आपल्याहून आखूड झाली की, आत्या वीसेक मिनिटे ओट्यावर हात-पाय उघडे टाकून बसते. काचेच्या खिडकीआडून आलेले ऊन यासाठी उपयोगाचे नाही, हे तिनेच शेजारणीला सांगितलेले मी ऐकले. पायात चप्पल मात्र हवीच. बधिर पावलांना तापलेला दगड कळत नाही.

माजघराच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लावला आहे. कुठली गोळी, कशासाठी, केव्हा, कितीदा. आत्याचा नातू तो रोज संध्याकाळी परवचा म्हणावा तसा मोठ्याने वाचतो. वाचकहो, तुमच्या घरात कुणी वडीलधारे असेल, तर या दिवाळीत एवढे करा. औषधाचा डबा उघडा, सगळे बाहेर काढा, असा एक कागद लिहा, आणि तो डबा एकदा डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा.

निघताना आत्याने विचारले, “औंदा वाळणीला काय आणनार?”

“तूच सांग.”

तिने जरा विचार केला. “पेढा आन एक. येकच. डॉक्टरीनबाईंना इचारून.”

मी बाईंना विचारले. जेवणातली अर्धी भाकरी कमी करून, एक लहान पेढा चालेल म्हणाल्या. तेवढाच नेणार आहे. पुडीत बांधून नव्हे, वाटीत घालून.